पांढऱ्यात थेंबभर काळा

"हळू हं, खालचा भाग सुटलाय त्याचा," असं म्हणत मॅडमनी जुन्या चादरीत गुंडाळलेलं स्टिअरिंग मिस्त्रींच्या हातात दिलं. तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देताना लागतो तसा, खालचा हात काढून घ्यायला त्यांना जरा वेळच लागला.

मिस्त्रींनी ते शेडमधल्या बाकावर ठेवलं आणि चादर सोडली. जुन्या काळच्या ऐसपैस गाडीचं, तीन आऱ्यांचं स्टिअरिंग. प्रत्येक आरा कड्याला जिथे मिळत होता तिथे चीर गेलेली. एका ठिकाणी तर वरचं कवचच निखळलं होतं आणि आतली लोखंडी सळई गंजून बाहेर डोकावत होती. मधल्या काळात कुणा शहाण्याने त्यावर काळा रंग फासला होता, वरून चिकटपट्टी गुंडाळली होती आणि चिकटपट्टीच्या डिंकावर वर्षानुवर्षांचा मळ बसला होता.

"हे कुणाचं डोकं?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या भावाचं," मॅडम म्हणाल्या. "आता तो नाही. त्यामुळे भांडताही येत नाही."

मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. गाडी वडिलांची, आता दुरुस्तीला काढलेली. इंजीन झालं होतं, सीट झाल्या होत्या, पत्र्याचं कामही झालं होतं. स्टिअरिंगपाशी येऊन सगळं अडलं, कारण ज्या गॅरेजात विचारावं तिथे एकच उत्तर मिळे, 'ते काम मिस्त्रींचं.'

"मूळचा रंग कुठला होता?"

"पांढरा. म्हणजे अगदी पांढरा नाही हो. पिवळाही नाही. मी वडिलांच्या मांडीवर बसून धरायचे ना ते..." मॅडमनी हवेत दोन्ही हात गोल धरले आणि ओशाळून खाली घेतले. "शब्दच सापडत नाही बघा. जन्मभर पोरांना निबंध शिकवले, आणि मला एक रंग सांगता येत नाही."

"थांबा, आपण त्यालाच विचारू," आतल्या दारातून आवाज आला. हात पुसत मिस्त्रींची बायको बाहेर आली. गल्लीतले सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. तिने बाकावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, स्टिअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण काढलं, त्याच्याखालची पत्र्याची चकती उचकटली आणि थिनरमध्ये भिजवलेल्या चिंधीने आतली कड हलकेच पुसली. नखाएवढी रुंद पट्टी उजळली. तिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, हात पोचला नव्हता, भावाचा काळा रंगही पोचला नव्हता.

"हा बघा. इथे लपून बसलाय."

मॅडम वाकल्या आणि त्यांनी ताईंचं मनगटच धरलं. "हाच! अगदी हाच हो!"

"हस्तिदंती," ताई म्हणाल्या. "पण जरा दमलेला. जुन्या शर्टाच्या बटणाचा असतो तसा."

हे म्हणताना त्यांनी मान किंचित तिरपी केली होती, समोरची वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघावी तशी. मॅडमच्या ते लक्षात आलं नाही. मिस्त्रींच्या आलं.

मिस्त्री मुळात डेंटिंगवाले. ठोकून पत्रा सरळ करणं, खळग्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरणं, घासणं यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. रंगाचं मात्र त्यांना वावडं होतं. त्यांच्या लेखी रंग तीनच, फिका, गडद आणि भलताच. लग्न नवीन होतं तेव्हा ते एकदा घरामागे डबे मांडून एका स्टिअरिंगचा पांढरा जुळवत बसले होते. दोनदा जमला नव्हता, तिसऱ्यांदा बिघडत होता. बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. जाता जाता म्हणाली, "त्यात थोडं काळं घाला."

"काळं? मला पांढरा करायचाय, राख नाही."

"थेंबभर घालून तर बघा. नाही जमलं तर ओतून द्या. तसंही ओतताच आहात मघापासून."

त्यांनी तिला खोटं पाडायला म्हणून थेंब टाकला. रंग जुळला. मिस्त्री डब्याकडे बघत राहिले आणि ती उरलेले कपडे वाळत घालायला गेली.

त्या दिवसापासून रंग तिचा. चिरा त्यांनी भरायच्या, तासायच्या, घासायच्या. डबे उघडायचे तिने. तिची रंगांची नावं कुठल्या कंपनीच्या पुस्तकात सापडली नसती. 'पावसात राहिलेली खुर्ची', 'आजारी माणसाचा कान', 'नव्या पेन्सिलीचं लाकूड'. मिस्त्रींना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण रंग हटकून बसे. गिऱ्हाईक स्टिअरिंग हातात घेऊन म्हणे, "काय नजर आहे मिस्त्री तुमची!" आणि मिस्त्री म्हणत, "चालायचंच." आत स्वयंपाकघरात तिला ते ऐकू जाई. एकदा वर्तमानपत्रात फोटो आला, मिस्त्री आणि एक लाल स्टिअरिंग. तो कापून शेडच्या भिंतीवर लावला तो तिनेच, आणि पाहुण्यांना दाखवायचीही तीच. मिस्त्री काही मुद्दाम लपवत होते असं नाही. सांगायचं राहून गेलं, एवढंच. आणि एकदा राहून गेलेलं मग दरवेळी राहतच गेलं.

मागच्या वर्षी एके सकाळी तिने आतून हाक मारली. "अहो, ही दाराची चौकट वाकली का हो?"

मिस्त्रींनी जाऊन बघितलं. चौकट सरळ होती. त्यांनी ओळंबासुद्धा लावून दाखवला.

"मग मीच वाकडी झाले असेन," ती हसून म्हणाली.

लेक येऊन दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती, समजावून सांगणारी होती. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय, ती म्हणाली. मधलं दिसणं कमी होत जाईल, कडेचं राहील. वावरता येईल, आंधळेपण येणार नाही. जे गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते सांभाळायचं.

"आणि रंग?" मिस्त्रींच्या बायकोने तेवढंच विचारलं.

डॉक्टरणीने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "रंगही फिके होत जातात. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे तुमचं हळूहळू की माझं?"

डॉक्टरीणही हसली, तीही हसली. लेक मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर चहा टाकता टाकता ती म्हणाली, "मला रंग अजून नीट दिसतात."

"हो ना," मिस्त्री म्हणाले. त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. ती भाजी चिरताना मान तिरपी करू लागली, सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे देऊ लागली, आणि हे असंच चालत आल्यासारखं मिस्त्री दोरा ओवून देऊ लागले.

मॅडमच्या स्टिअरिंगने मिस्त्रींना चांगलंच दमवलं. त्यांनी आधी चिकटपट्टी आणि काळा रंग उतरवला. मग करवतीच्या पात्याने प्रत्येक चीर उलट आणखी मोठी केली, तोंडाशी रुंद, तळाशी निमुळती, म्हणजे भरलेली लांबी धरून बसते. सळईचा गंज खरवडला. लांबी भरली, सुकू दिली, कानशीने उतरवली, पुन्हा भरली. मग ओला पॉलिश पेपर. ती अधूनमधून येऊन कड्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "इथे अजून डोंगर आहे." मिस्त्री तो डोंगर घासून काढत. शेवटी राखाडी प्रायमर बसला आणि स्टिअरिंग आढ्याच्या आकड्याला टांगलं गेलं. आता काम तिचं.

सकाळी उन्हं अंगावर येण्याआधी ती शेडच्या उंबऱ्यात बसली. पांढरा, पिवळा, तपकिरी, काळा असे डबे समोर मांडले आणि मिश्रणासाठी एक रिकामा घेतला. रंग लावून बघायला लाकडी पट्टी. पूर्वी तिचा रंग चहा निवायच्या आत होत असे. त्या दिवशी चहा निवला, त्यावर साय धरली, तरी ती थेंब टाकत होती, ढवळत होती, पट्टीवर लावून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरपी करत होती. मिस्त्री आत बसून उगाचच हत्यारं पुसत होते.

"झाला," ती दुपारी म्हणाली. "बघा."

मिस्त्रींनी पट्टी घेतली आणि मधल्या मूळच्या रंगाशेजारी धरली. त्यांच्यासारख्या तीन रंगांच्या माणसालाही ते कळलं. मूळचा रंग उबदार होता, दुधावरच्या सायीसारखा. पट्टीवरचा थंड, निळसर, पाणी घातलेल्या दुधासारखा. काळा भरमसाट पडला होता आणि पिवळा जवळजवळ नव्हताच.

"कसा?"

आजवर या प्रश्नाला मिस्त्री नुसतं 'हं' म्हणत आले होते. प्रश्न विचारायचा म्हणून असे आणि उत्तर द्यायचं म्हणून. आता खरं उत्तर द्यायची वेळ आली, आणि ते म्हणाले, "झकास."

हा शब्द त्यांनी जन्मात कधी वापरला नव्हता. तिने मान वर केली. "झकास?"

"हं."

"बरं," ती म्हणाली आणि डबे बंद करू लागली.

ती दुपारची आडवी झाली की मिस्त्री शेडचं दार लोटून स्वतः रंग करायला बसू लागले. जमेना. एकदा भिंतीसारखा झाला, एकदा मोहरीसारखा. हात रंगलेले असतानाच लेकीचा फोन आला.

"बाबा, आई रंग करतेय अजून?"

"करतेय."

"बरोबर येतोय?"

मिस्त्रींनी बोटांवरचा रंग चिंधीला पुसला.

"बाबा, तुम्ही सांगा तिला. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगा."

"सांगतो," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवल्यावर तिसरा डबा ओतून दिला.

बाजारात रंगाचं एक मोठं दुकान झालं होतं. तिथे मशीन होतं. वस्तूवर एक यंत्र टेकवायचं, ते रंग वाचतं आणि मशीन तसाच्या तसा रंग काढून देतं. मिस्त्री त्या दुकानावरून कैकदा गेले होते, आत कधी गेले नव्हते. मशीनवर ती दोघं पोटभर हसायची. ती म्हणायची, "मशीनला विचारा की आजारी माणसाचा कान कसा असतो."

त्या दिवशी मिस्त्री स्टिअरिंग त्याच जुन्या चादरीत गुंडाळून आत गेले. दुकानदार ओळखीचा निघाला. "मिस्त्री, तुम्ही इकडे? तुम्हाला कशाला लागतंय मशीन?"

"घाई आहे जरा," मिस्त्री म्हणाले.

यंत्र टेकवलं, मशीन घरघरलं, डबा हलवून हातात मिळाला. मिस्त्रींना मनातून वाटत होतं की तो जरा तरी चुकेल. उजेडात येऊन त्यांनी झाकण उघडलं. रंग तंतोतंत होता. हस्तिदंती, जरा दमलेला. त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिले.

घरी आल्यावर त्यांनी तिचा डबा कॉम्प्रेसरच्या मागे सरकवला आणि स्प्रे गनमध्ये दुकानातला रंग भरला. आकड्याला टांगलेल्या स्टिअरिंगभोवती ते फिरत राहिले. पहिला हात, दुसरा हात. काम संपलं तेव्हा ती गन धुवायला आली. गन नेहमी तीच धुवायची.

"आज मी धुतो," मिस्त्री म्हणाले.

"का? आजवर कधी धुतली नाहीत."

"तुला वास लागतो त्याचा."

"आता नव्याने कुठला वास लागायचा मला? आणा इकडे."

तिने गनची वाटी काढली. तळाशी उरलेल्या रंगात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, बोट नाकाशी नेलं. मग थिनर ओतून गन धुतली, जाळी फुंकून साफ केली, खिळ्याला अडकवली आणि आत जेवणाचं बघायला गेली. काही म्हणाली नाही. म्हणून मिस्त्रींना वाटलं, निभावलं.

मॅडम स्टिअरिंग न्यायला आल्या त्या चांगले कपडे घालून आल्या होत्या. मिस्त्रींनी वरचा कपडा काढला. मॅडम जवळ आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी कडं धरलं, बाकाशी उभ्या राहूनच थोडं डावीकडे फिरवलं, थोडं उजवीकडे. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं आणि ते पुसायला त्यांनी हात सोडले नाहीत.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "काय नजर आहे हो तुमची."

मिस्त्रींच्या तोंडावर नेहमीचं 'चालायचंच' आलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं. ती तिथे उभी होती, हातात पाण्याचा पेला घेऊन.

"नजर माझी नाही," मिस्त्री म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "रंग हिचा आहे. आजवर इथून गेलेला एकूण एक रंग हिने केलाय. मी फक्त घासतो."

मॅडमनी वळून बघितलं. मग त्या पुढे झाल्या आणि तिचे दोन्ही हात, पेल्यासकट, हातात घेतले. "ताई, माझे वडील परत दिलेत हो तुम्ही मला."

ती मॅडमच्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला बघत होती, तिथून तिला त्या दिसत असाव्यात. "सावकाश चालवा," ती म्हणाली. "पाणी घ्या."

मॅडम गेल्यावर तिने बाकावर बसून चादरीच्या घड्या घालायला घेतल्या. मॅडम ती इथेच विसरल्या होत्या.

"इतकी वर्षं नाही सांगितलंत कुणाला," ती म्हणाली. "आज सांगितलंत. आणि नेमकं आजच."

मिस्त्री खाली बसले.

"दुकानातला ना?"

"हं. कधी कळलं तुला?"

"गन धुताना. त्यांच्या थिनरला गोडसर वास येतो. आणि त्याच्याआधी झकास! झकास म्हणे!" तिने त्यांची नक्कल केली. दोघांना हसू आलं. तिचं आधी ओसरलं.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," मिस्त्री म्हणाले.

"वाटलं ना. त्या हात धरून उभ्या होत्या तेवढा वेळ वाटलं. खोटं कशाला सांगू." तिने चादरीची शेवटची घडी हाताने दाबली. "मग वाटलं, मागच्या खेपेच्या हिरव्या स्टिअरिंगला हे बोलला असतात तर? तो रंग माझा होता."

बाहेरून सायकल गेली. मिस्त्रींना माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते त्यांना आठवेना.

"माझा किती चुकला होता?"

"थोडा."

"अहो."

"बराच," मिस्त्री म्हणाले.

"कुठल्या अंगाला?"

"निळ्याच्या."

ती चमकली. "निळा तर मी उघडलाही नव्हता." मग तिचं तिलाच उमगलं असावं. "काळा जास्त पडला. पांढऱ्यात काळा वाढला की निळी झाक येते." चादर बाजूला ठेवत म्हणाली, "मला तर पिवळाच दिसत होता हो. शेवटपर्यंत."

पुढचे काही दिवस ती शेडमध्ये आली नाही. घरात कामं काढत राहिली, फडताळं उपसली, लेकीशी फोनवर बोलत राहिली. नवीन एक स्टिअरिंग आलं, ते मिस्त्रींनी घेतलं आणि कोपऱ्यात ठेवलं. रंग कुठला, ते त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलंही नाही.

मग एका सकाळी ते बाजारातून परतले, तर ती शेडच्या दाराशी उभी होती. दाराचा जुना रंग तिने घासून काढला होता. पायाशी तिचा तो डबा, कॉम्प्रेसरच्या मागचा, उघडलेला. हातात रुंद ब्रश. तिने वरच्या बिजागरीपासून सुरुवात केली होती आणि निम्मं दार झालं होतं. एकसारखे, सरळ खाली येणारे फटकारे, कुठे ओघळ नाही.

"हे काय काढलंस?"

"एवढा रंग वाया का घालवायचा? दाराला कुठे कुणाशी जुळायचंय."

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. दार वाऱ्याने हलत होतं, ते त्यांनी पायाने धरून ठेवलं. ती ब्रश बुडवायची, डब्याच्या कडेला निथळवायची आणि डाव्या हाताच्या बोटांनी फळीची कड चाचपून तिथून पुढे ओढायची.

समोरच्या वेल्डरने काम थांबवून तोंडावरचा मुखवटा वर केला. "ताई, दाराला निळा लावताय वाटतं? छान दिसतोय."

ब्रश दारावरच थांबला. मिस्त्रींनी तोंड उघडलं होतं, पण तीच आधी बोलली.

"हो," ती मागे न वळता म्हणाली. "निळाच लावतेय."

वेल्डरने मुखवटा खाली घेतला. गल्लीत पुन्हा त्याचा तडतड आवाज सुरू झाला. तिने खालची फळी संपवली, मागे सरून उभी राहिली आणि मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला तिरपी करून दाराकडे बराच वेळ बघितलं.

"कुठे राहिलंय का?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी दार वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"वर," ते म्हणाले. "डाव्या हाताला. अजून थोडं वर. हं, तिथे."